बावटा खाली येईपर्यंत

हल्ली वादळं फार नटूनथटून येतात. किनाऱ्याला लागायच्या आठ दिवस आधी टीव्हीवर त्यांचं बारसं उरकलेलं असतं. कुणाचं नाव फुलाचं, कुणाचं रत्नाचं, कुणाचं परक्या भाषेतलं, आणि मग त्या नावाचा अर्थ सांगायला एक तज्ज्ञ बसवलेला. चौपाटीवर एक मुलगी रेनकोट घालून जिवाच्या आकांताने ओरडत असते आणि तिच्या मागे भेळवाला निवांत कांदा चिरत असतो. आमच्या ह्यांना हा सगळा प्रकार फार आवडतो. परवा मला विचारतात, तुमच्या वेळी काय गं नावं होती वादळांची? मी म्हटलं, एकच. तीन नंबर.

चेष्टा करत नाही. मी बंदर खात्यात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं मुर्ध्याच्या चौकीवर काढली. त्या सगळ्या वर्षांत आलेल्या प्रत्येक वादळाचं सरकारी नाव तीन नंबर होतं. मे महिन्यातलं तीन नंबर, दिवाळीतलं तीन नंबर, येतो येतो म्हणून ऐनवेळी गुजरातला निघून गेलेलं तीन नंबर. फाइलमध्ये सगळी शेजारी शेजारी लावलेली, आणि कोणतं कुठलं ते विचारलं तर खातं शपथेवर सांगू शकलं नसतं.

माझी तिथे नेमणूक झाली ती माझ्याच सोयीसाठी, असं साहेब म्हणाले होते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही नुकतेच गिरगावातून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो होतो, कारण गिरगावात ज्या पैशात कॉट टाकायला जागा मिळत नव्हती त्या पैशात इथे दोन खोल्या आणि गॅलरी मिळत होती. पाणी मिळत नव्हतं, पण ते ब्लॉक घेतल्यावर कळलं. मुख्य कचेरीत मी टायपिस्ट होते. साहेबांच्या एका पत्रातल्या इंग्रजीच्या चुका मी टाईप करता करता सुधारल्या, आणि महिन्याभरात साहेबांना माझ्या जाण्यायेण्याच्या त्रासाची फार काळजी वाटायला लागली. "सुमनबाई, तुम्हाला अगदी घराजवळ पोस्टिंग देतो," म्हणाले. घराजवळ म्हणजे भाईंदरहून रिक्षा, पुढे मिठागरांमधून जाणारा रस्ता, आणि रस्ता संपला की मुर्धा ह्या कोळ्यांच्या गावात, खाडीवर एक कौलारू खोली. आत एक टेबल, एक फोन आणि तीन पायांची खुर्ची. चौथा पाय म्हणून विटा लावल्या होत्या.

चौकीला संडास नव्हता. आधीच्या पुरुष कर्मचाऱ्यांना ही उणीव जाणवली नव्हती. मी अर्ज केला. उत्तर आलं की सदर ठिकाणी महिला कर्मचारी तात्पुरती असल्याने बांधकामाचा प्रश्न उद्भवत नाही. ही तात्पुरती बाई पुढे सात-आठ वर्षं तिथे होती. तो प्रश्न सोडवला चौकीमागच्या पहिल्याच घरातल्या हिराबायने. पहिल्या दिवशी दुपारी मी अवघडून बसलेली तिने पाहिली आणि काही न विचारता हातात टमरेल ठेवून परसातली खोली दाखवली. त्या दिवसापासून ती माझी हिरामावशी. सरकारने माझी जेवढी सोय केली नाही तेवढी तिने त्या एका टमरेलात केली, आणि हे मी पेन्शनीच्या कागदांवर सही करतानाही विसरले नव्हते.

आता कामाचं सांगते, कारण लोकांना वाटतं बावटा म्हणजे झेंडा. पंधरा ऑगस्टला चढवतो तसलं काही नाही. चौकीबाहेर एक उंच काठी होती, आणि तिच्यावर दोरीने चढवायचे काळं कापड मढवलेले मोठे शंकू आणि डबे. त्यांच्या मांडणीवरून लांबच्या होडीलाही कळतं की किती नंबरचा इशारा आहे. अंधार पडला की त्यांच्या जागी तांबडे-पांढरे कंदील. मोठ्या बंदरांना हे नंबर एकपासून अकरापर्यंत असतात. आमच्यासारख्या चिमुकल्या बंदराला एक आणि दोन नव्हतेच, सुरुवातच तीनपासून. म्हणजे मुलाला बालवाडीत न घालता एकदम तिसरीत नेऊन बसवायचं. वेधशाळेकडून खात्याला कळायचं, खात्याकडून मला फोन यायचा, मी आमचा खलाशी दत्ताराम ह्याला सांगायचं आणि दत्तारामने दोरी ओढायची. बावटा वर गेला की समुद्रात जायला बंदी. खाली आला की जा बाबा. एवढं साधं काम, पण ह्यात चार खुर्च्या गुंतलेल्या असल्याने बावटा वर जाईपर्यंत पुष्कळदा वादळ येऊन चहा पिऊन गेलेलं असायचं.

दत्ताराम रत्नागिरीकडचा. अंगाने काटक, बोलायला गोड, आणि कामाचं नाव काढलं की त्याचा गुडघा दुखायला लागायचा. गणपतीत गावाला गेला की गौरी विसर्जन होऊन, हवा बदलून, ताप येऊन, ताप उतरून मगच उगवायचा. पण दोरीला हात लावला की गाठ अशी मारायचा की वाऱ्याच्या बापाला सुटू नये.

गिऱ्हाइकं आम्हालाही होती. मिठाचा ठेकेदार यायचा. त्याला वादळ येणार की नाही ह्यापेक्षा ते मीठ भरून झाल्यावर येईल का, एवढंच हवं असायचं. लग्नाचे मांडववाले यायचे. एकदा तर एक बिल्डरचा माणूस आला. मुर्ध्याला तेव्हा भातखाचरांत इमारती उगवायला लागल्या होत्या आणि प्रत्येक इमारतीला समुद्र दिसतो असं छापलेलं असायचं. तो फार अदबीने म्हणाला, "मॅडम, वो काला काला थोड़ा नीचे कर दो ना. आज पार्टी फ्लैट देखने आ रही है." मी त्याला सांगितलं की पार्टीला फ्लॅट घेतल्यावर जे दिसणार आहे ते आधी दिसलं तर बिघडलं कुठे. तो पुन्हा आला नाही. इमारत मात्र झाली, आणि तिथून समुद्र दिसत नाही.

साहेब वर्षातून एकदा तपासणीला यायचे. त्यांना परदेशी मासिकं वाचायचा नाद होता. खुर्चीचा विटांचा पाय बघून न बघितल्यासारखं करत त्यांनी मला एकदा सांगितलं की तिकडे वादळांना नावं देतात. बायकांची, पुरुषांची, रीतसर यादी करून. यादी संपली की परत पहिल्यापासून, त्यामुळे एकाच नावाची तीन-तीन, चार-चार वादळं होऊन जातात. एखादं फारच माणसं खाणारं निघालं तर समिती बसते आणि ते नाव यादीतून कायमचं काढून टाकते. साहेबांना ह्या समितीचं भारी कौतुक. मी विचारलं, आपल्याकडे का नाही? ते म्हणाले, "आपल्या लोकांना नावांचं काय कळतंय!"

साहेबांच्या पाठीमागे, खिडकीबाहेर, हिरामावशी बोंबील वाळत घालत होती. समितीशिवाय नाव बाद करायची पद्धत तिच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालू होती.

मुर्ध्यात तीन नंबर कुणी म्हणत नसे. तिथे प्रत्येक वादळाला माणसाचं नाव होतं, आणि ते नाव परत न आलेल्या माणसाचं असायचं. गोविंदचं वादळ, रामाचं वादळ. होडी आलीच नाही तर तिच्या तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाचं. आणि नाव कधी पडायचं? वादळ खरंच लागून गेलं असेल तर बावटा उतरला की. इशारा संपला की गावातले जुने लोक धक्क्यावर उभे राहायचे आणि एकेका तांडेलाला हाक मारायचे. जो ओ देणार नाही, वादळ त्याचं. ते नाव मग गावात कोणी पोराला ठेवत नाही, होडीवर रंगवत नाही. वादळाला दिलेलं नाव वादळाचंच राहायचं.

हे ऐकून मी गिरगावकर शहाणपणाने हसले होते, हे खरं. माझ्यासारख्या शास्त्रीय दृष्टिकोनाच्या बाईने हसावं असंच ते होतं. मग हिरामावशीने तिच्या घरचं सांगितलं आणि माझं हसू जिरलं.

तिचा सासरा नारायण. तिचं लग्न व्हायच्या आधीच तो समुद्रात गेला आणि त्या वादळाला नारायणचं वादळ म्हणायला लागले. गावाच्या रीतीने नारायण हे नाव संपलं. पण पुढे हिरामावशीला मुलगा झाला आणि तिचा नवरा हट्टाला पेटला. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं नाही तर कुणाचं ठेवायचं? हीसुद्धा आपल्याकडची रीतच. गाव नको नको म्हणत होतं, धर्मा पाटील म्हणून गावचा जुना माणूस बारशाला उंबऱ्यातून परत गेला, तरी पोराचं नाव नारायण पडलं. नवरा पुढे काविळीने गेला, घरात, अंथरुणावर, म्हणजे वादळाने त्याला काहीच केलं नाही. पण नारायण समुद्रात जायला लागला तसं गाव हिरामावशीकडे एका नजरेने बघायला लागलं. जणू तिने दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेतली होती आणि मालक केव्हाही दारात येणार होता.

आणि नव्वदीच्या मध्यावरच्या एका दिवाळीआधी तो आला.

दिवाळी चार दिवसांवर होती. मी घरी अनारशाचं पीठ मुरत घालून निघाले होते. चौकीवर पोचले तर फोन, तीन नंबर चढवा. दत्तारामने दोरी ओढली. गावाने वर बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागलं, कारण त्या वर्षी आमच्या खात्याने इतक्या वेळा तीन नंबर चढवून उतरवला होता की लोक त्यावर घड्याळं लावायला लागले होते. बऱ्याच होड्या आदल्या दिवशीच बाहेर पडल्या होत्या. दिवाळीचा बाजार कोण सोडतो? नारायणची होडीही गेली होती, बरोबर पालघरकडचे दोन खलाशी. घरी त्याची बायको, लग्नाला वर्ष झालेलं, पोटुशी.

वादळ आलं ते काही आमच्यासाठी आलं नव्हतं. ते नेहमीप्रमाणे गुजरातला चाललं होतं आणि जाता जाता त्याचा पदर आम्हाला लागला. पण तो पदरसुद्धा एवढा होता की चौकीची अर्धी कौलं उडाली, उधाणाचं पाणी मिठागरांवरून रस्त्यावर आलं, आणि मुर्धा आणि भाईंदरच्या मध्ये रस्ता कुठला आणि मिठागर कुठलं ते कळेना. रिक्षा बंद. मी घरी जाण्याचा प्रश्न मिटला. रात्री हिरामावशीकडे राहिले. तिने मला भात वाढला, स्वतः जेवली नाही, आणि मी तिला जेव म्हणायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वारा पडला. होड्या एकेक करून खाडीत शिरत होत्या. कुणाचं जाळं गेलेलं, कुणाचं शीड फाटलेलं, पण माणसं होती. सगळ्या आल्या, नारायणची आली नाही. आणि लख्ख ऊन पडलं. असं निर्लज्ज ऊन मी आयुष्यात पाहिलं नाही. त्या उन्हातच फोन वाजला. खात्यातून आदेश होता, वादळ पुढे सरकलं, तीन नंबर उतरवा.

मी फोन ठेवला तर दारात हिरामावशी उभी. फोनची घंटा तिला घरी ऐकू गेली होती. धक्क्यावर धर्मा पाटील पांढरी टोपी घालून येऊन बसला होता आणि आजूबाजूला गाव जमत होतं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण दुसरं नारायणचं वादळ हे शब्द मी येता-जाता दोनदा ऐकले होते. नाव पडलं की माणूस गेला. मग त्याला शोधायला कोणी होडी काढत नाही, होड्या मासळीला जातात, आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका सुनेच्या बांगड्या फोडायला बसतात. हिरामावशी रडत नव्हती. ती माझ्या तीन पायांच्या खुर्चीला धरून उभी राहिली.

"बाय," ती म्हणाली, "बावटा उतरवू नको. तो खाली आयला का माज्या पोराचा नाव वर जाईल."

मी तिला समजावायला तोंड उघडलं. वादळ आणि नाव ह्यांचा काही संबंध नाही, हवेचा दाब वगैरे सांगणार होते. पण ह्या बाईच्या परसात मी इतकी वर्षं गेले होते, आणि आज तिने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. तेही काय, तर एक दोरी ओढू नको.

आता सरकारी कर्मचाऱ्याने आदेश मोडायचा म्हणजे नोकरीवर गदा. पण आदेश न मोडता न पाळण्याची विद्या मला खात्यानेच शिकवली होती. मी फोन उचलला, कचेरी लावली आणि सांगितलं की बावटा उतरवण्याचा तोंडी आदेश मिळाला, नियमाप्रमाणे लेखी आदेश यावा म्हणजे लगेच कार्यवाही करते. असा नियम होता. पुस्तकात पहिल्या पानावर होता. खातं स्थापन झाल्यापासून तो कुणी पाळला नव्हता, एवढंच.

थोड्या वेळाने खुद्द साहेबांचा फोन आला. इतकी वर्षं फोनवर उतरवत होतात ना, सुमनबाई, असं त्यांनी फार थंड आवाजात विचारलं. मी म्हटलं, "म्हणूनच साहेब. एकदा तरी नियमाने करून बघू." त्यांनी फोन आपटला. मग त्यांनी शिपायाच्या हाती लेखी आदेश पाठवला, ह्याबद्दल त्यांचं कौतुक केलं पाहिजे. इतक्या तत्परतेने त्या कचेरीतून कागद बाहेर पडल्याचं मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलं नाही.

इकडे धक्क्यावर लोक चिडले होते. वादळानंतर मासळी वर येते, जाळ्यात पडायला टपलेली असते, आणि वर काळे शंकू लोंबताहेत म्हणून कुणाला जाता येईना. तरुण पोरं चौकीपाशी येऊन मला नाही नाही ते बोलून गेली. आमचं दिवाळं काढतेस काय, असंही म्हणाले. धर्मा पाटील स्वतः आला. "बाय, समिंदर निवला हाय. उतरव." मी म्हटलं, कागद येऊ दे. तो म्हणाला, कागदाने काय मेलेला परत येतो? मी रजिस्टर उघडून आलेल्या पत्रांचा रकाना आखायला घेतला.

संध्याकाळच्या आत रस्त्याच्या पाण्यापलीकडे दोन माणसं येऊन उभी राहिलेली दिसली. एक साहेबांचा शिपाई, प्लॅस्टिकच्या पिशवीत लेखी आदेश घेऊन, पायात दिवाळीचे नवे कोरे बूट. दुसरे आमचे हे. मी आदल्या दिवसापासून घरी गेले नव्हते आणि आमच्या सोसायटीतला एकमेव फोन वादळात मुका झाला होता. पाणी कमरेएवढं होतं. शिपाई बुटांकडे बघायचा, पाण्याकडे बघायचा आणि जागच्या जागी उभा राहायचा. ह्यांनी मात्र तोंडाशी दोन्ही हात धरून बोंब ठोकली. "सुमन! सुमन आहे का तिकडे? माझी बायको घरी आली नाही!" एकदा नाही, घसा बसेपर्यंत. आमचे हे घरात मीठ मागायलासुद्धा आवाज चढवत नाहीत. सगळं मुर्धा धक्क्यावर उभं राहून ते ऐकत होतं. मी गच्च भरलेल्या डोळ्यांनी पदर हलवून दाखवला तेव्हा कुठे ते थांबले.

मी दत्तारामला सांगितलं की पाण्यातून जाऊन तो कागद घेऊन येणं हे खरं तर तुझं काम. दत्तारामने माझ्याकडे बघितलं, मग हिरामावशीकडे बघितलं. "बाई," तो म्हणाला, "आज गुडघा अगदीच धरलाय." आणि मुद्दाम लंगडत जाऊन काठीखाली बसला. दत्तारामच्या गुडघ्याबद्दल इतकी वर्षं जे काही मनात आणलं होतं ते मी त्या क्षणी मागे घेतलं.

ती रात्रही मी हिरामावशीकडेच काढली. काठीवर शंकूंच्या जागी कंदील लागले होते, इतकंच. सून कोपऱ्यात बांगड्यांवर पदर ओढून बसली होती.

सकाळी दत्तारामची हाक आली. खाडीच्या तोंडातून एक अनोळखी होडी आत येत होती, तिला दोराने बांधलेली दुसरी, आणि त्या दुसरीवर तीन माणसं. नारायणचं इंजिन बंद पडलं होतं. त्याने कशीबशी होडी अर्नाळ्याच्या आडोशाला घातली आणि तिथे थांबला होता. वारा पडल्यावर तिकडच्या एका होडीने त्याला ओढत आणलं. तो धक्क्यावर उतरला तसं हिरामावशीने पुढे होऊन त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. मग तिथेच खाली बसली आणि गेले दोन दिवस न रडलेलं सगळं रडली. सूनही रडत होती, दत्ताराम रडत होता. मी रडले नाही असं मला लिहायचं होतं, पण ते खोटं होईल.

मग मी दत्तारामला बावटा उतरवायला सांगितला. लेखी आदेश अजून पाण्यापलीकडेच होता. ह्या खात्यात नियम एक दिवसाहून जास्त पाळला गेला असता तर लोकांना संशय आला असता.

शंकू खाली आले. धर्मा पाटील उभा राहिला आणि हाका मारायला लागला. प्रत्येक नावाला ओ मिळाली. नारायणला हाक मारली तेव्हा म्हाताऱ्याचा आवाज जरा फाटला, पण ओ आली. शेवटची हाक झाली आणि धर्मा पाटील तसाच उभा. लोकही हलेनात. मला वाटलं आता आनंदीआनंद होईल, पेढे वाटतील. झालं उलटंच. म्हातारा म्हणाला, वादळ लागलं आणि कोणाला न घेता गेलं, असं कधी झालं नाही. बिननावाचं वादळ आपलं नाव मागायला परत येतं. आणि बोलता बोलता त्याची नजर नारायणवर गेली. गावाचीही गेली. हिरामावशीचं रडणं जागीच थांबलं.

ती उठली, पदर सारखा केला आणि धर्मा पाटलासमोर जाऊन उभी राहिली. "नाव हाय," ती म्हणाली. "बावटा चढल्यापासून एक बाय घरी गेली न्हाय. तिचा नवरा रस्त्यावर बोंबलत व्हता, तुमी सगल्यांनी आयकला. सुमनचा वादल."

धर्मा पाटील माझ्याकडे बघत राहिला. नियमात बसत होतं. बावटा चढला तेव्हा मी घराबाहेर होते, उतरला तेव्हाही घरी पोचले नव्हते, आणि घरचा माणूस तसं सगळ्या गावासमोर ओरडून सांगून गेला होता. त्याने टोपी काढून पुन्हा घातली आणि खाडीकडे तोंड करून माझं नाव मोठ्याने घेतलं. लोक पांगले. होड्या सुटल्या. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी हिरामावशीवर उखडले. माझं नाव द्यायला मी काय मेले होते? तिने मला हाताला धरून परसात नेलं. म्हणाली, तू सरकारी माणूस, तुला समुद्र काय करणार? मग आवाज खाली आणून सांगितलं की आज घरी जाशील ती कुणाला न सांगता जा, मागच्या वाटेने जा, निरोप घेऊ नको. तू घरी पोचलीस हे वादळाला कळता कामा नये, नाहीतर ते दुसरं नाव मागायला येईल. मला हसू आलं आणि हसता हसता मी मागच्या वाटेने, मिठागराच्या बांधावरून, पाणी ओसरत आलेल्या रस्त्याला लागले. शास्त्रीय दृष्टिकोन चपलांबरोबर हातात धरला होता. घरी पोचले तर अनारशाचं पीठ आंबून फसफसलेलं, आणि आमचे हे बसलेल्या घशाने काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढे निरोप घ्यायची वेळच आली नाही. दिवाळीच्या सुट्टीतच साहेबांचं पत्र आलं. माझी नियमनिष्ठा पाहून मला मुख्य कचेरीत जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बढती दिली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. निवृत्तीपर्यंत मी तिथे तीन नंबरच्या फाइली एकमेकींवर रचल्या. मुर्ध्याला जायचं जायचं म्हणून राहून गेलं. आधी मला वाटे, वेळ मिळत नाही. नंतर कळलं की पाय तिकडे वळत नव्हते, आणि ह्याचं वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर एकदा मात्र सुके बोंबील आणायच्या निमित्ताने रिक्षा करून गेले. चौकी पाडून टाकलेली, काठी नाही, मागचं घर पक्कं झालेलं. ओट्यावर एक तरुण मुलगी सुकी मासळी घेऊन बसली होती. नाकडोळे नारायणचे. मी सहज विचारलं, इथे पूर्वी बावटा होता ना गं? ती म्हणाली, हो, सुमनच्या वादळात इथली कौलं उडाली. माझे बाबा त्याच वादळातून परत आले. मी विचारलं, ही सुमन कोण? "व्हती कोनीतरी बाई," ती बोंबील मोजता मोजता म्हणाली. "बुडाली बिचारी. नारळीपुनवेला आमची आजी तिच्या नावाचा एक नारळ अजून सोडते. आमच्या गावात सुमन नाव ठेवत न्हाय कोनी."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आतून हिरामावशी काठी टेकत बाहेर आली. केस पांढरेफटक, पण डोळे तेच. तिने मला ओळखलं. टमरेल हातात दिलं होतं त्या दिवशी पाहिलं होतं तसंच पाहिलं. मी तोंड उघडलं, तशी तिने मान वळवली आणि नातीला म्हणाली, "कोन हाय ती? मी न्हाय वलखत."

मग तिने नातीच्या हातातून पिशवी घेतली आणि वाटा दुप्पट केला. पिशवी माझ्या हातात देताना तिची बोटं माझ्या मनगटावर जरा जास्त वेळ राहिली. "जा बाय," ती म्हणाली, "उजेड हाय तवर घरी जा."

मी मागच्या वाटेने निघाले. वळून पाहिलं नाही. घरी वेळेवर पोचले, ह्यांनी दार उघडलं, बोंबील तळले. पण हे मुर्ध्यात कोणी बोलू नका.